दुखणं दरवेळी किडनीचंच नसतं

परवा फोनवर तू किती सहज म्हणालीस, "पाठ भरून आलीय गं ताई, पण ते आमचं नेहमीचंच, किडनीचं." मुलं आजूबाजूला होती म्हणून मी तेव्हा विषय वाढवला नाही. आज मात्र निवांत बस आणि सगळं नीट ऐकून घे. घाबरवण्यासाठी हे सांगत नाहीये. तू घरापासून इतक्या लांब, जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनसारख्या परक्या गावात नव्याने संसार मांडलायस, आणि ही गोष्ट कुणीतरी आपल्या माणसाने, आपल्या भाषेत तुझ्या कानावर घालायला हवी.

बाबांकडून तुला पॉलिसिस्टिक किडनी आलीय, हे काही नवं नाही. किडनीत पाण्याच्या गाठी होतात, हळूहळू वाढतात, किडनी मोठी होत जाते. साधारण हजारात एकाला हा आजार असतो. आईवडिलांपैकी एकाला असला, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी. बहुतेकांमध्ये दोष सोळाव्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-१ या जनुकात असतो, काहींमध्ये चौथ्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-२ मध्ये. आता महत्त्वाचं. ही जनुकं जी प्रथिनं घडवतात, ती किडनीपुरती नसतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंमध्येही तीच असतात. म्हणून या आजारात मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा येण्याचं प्रमाण दहातल्या एकाच्या आसपास जातं. एरवी ते शंभरात दोन-तीन असतं. मेंदूच्या फुग्याबद्दल डॉक्टर निदान बोलतात तरी. महाधमनीबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि मला आज त्याबद्दलच बोलायचंय.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. ती आधी वर जाते, कमान घेते आणि मग पाठीच्या कण्याला लागून खाली पोटात उतरते. तिच्या भिंतीला तीन थर असतात. कधी कधी आतल्या थराला चीर पडते आणि दाबाने आलेलं रक्त थरांच्या मधे शिरतं. घडीची पोळी तव्यावर टाकली की वाफ पदरांमध्ये शिरून ते कसे सुटे होतात, तसे हे थर सुटत जातात. याला डॉक्टर डिसेक्शन म्हणतात. रक्ताला मग दोन वाटा होतात, एक खरी आणि एक खोटी. खोटी वाट फुगून खऱ्या वाटेला दाबते, आणि आतडी, पाय, किडनी यांपैकी कुणाचंही रक्त तोडू शकते. तैवानमध्ये देशभरच्या नोंदी तपासून झालेल्या अभ्यासात पॉलिसिस्टिक किडनीच्या रुग्णांमध्ये महाधमनीचा फुगा आणि डिसेक्शन या दोन्हींचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळला. तरीसुद्धा हे रोज कुणाला होत नाही, बरं का. तुझ्यासारख्या बहुतेकांना ते आयुष्यात कधीच होणार नाही. पण ज्याला होतं, त्याच्या हाती तास मोजकेच असतात.

म्हणूनच तुझं ते "नेहमीचंच" मला खटकलं. या आजाराच्या माणसांना दुखण्याची सवय होऊन जाते. गाठ ताणली की कुशीत दुखतं, खडा सरकला की कळ येते, गाठीत रक्त उतरलं की दोन दिवस लोळत काढावे लागतात. मग प्रत्येक दुखण्याचं खापर किडनीवर फोडायची खोड लागते, आणि तपासणारा डॉक्टरही कधी कधी त्याच वाटेने जातो. तर फरक लक्षात ठेव. किडनीचं दुखणं बहुतेक वेळा कुशीत असतं, हळूहळू वाढतं किंवा कळांनी येतं, खाली जांघेकडे उतरतं. महाधमनीचं दुखणं क्षणात येतं आणि आल्या क्षणीच पराकोटीचं असतं. छातीत, दोन खांद्यांच्या मधे, पाठीत. आतून काहीतरी टराटरा फाटतंय असं माणूस सांगतो. कधी ते वरून खाली सरकत जातं. घाम फुटतो, भोवळ येते, एखादा हात किंवा पाय गार पडतो, बोलताना जीभ अडखळते. दोन हातांच्या बीपीत वीसपेक्षा जास्त फरक दिसला तर तीही मोठी खूण. यातलं एक जरी आलं, तरी गरम पाण्याची पिशवी नाही, गोळी घेऊन पडून राहणं नाही आणि सकाळ होण्याची वाट पाहणंही नाही.

सरळ ११२ लावायचा. जर्मनीत हा नंबर कुठल्याही फोनवरून फुकट लागतो. ११६११७ हा दुसरा नंबर आहे, तो दवाखाने बंद असताना ताप-खोकल्यासारख्या तक्रारींसाठी. अशा वेळी त्याच्या रांगेत अडकू नकोस. स्वतः गाडी चालवत जायचं नाही, नवऱ्यालाही चालवू द्यायचं नाही, ट्रामने तर नाहीच. तुमचा विमा सरकारी पद्धतीचा असेल तर अँब्युलन्ससाठी जास्तीत जास्त दहा युरो आणि रुग्णालयात दिवसाला दहा युरो, तेही वर्षातून २८ दिवसांपुरतेच भरावे लागतात. खर्चाच्या भीतीने अर्धा तासही घालवायची गरज नाही.

एक काम मात्र आजच उरक. इथे फ्लॅटला नंबर नसतो, दाराच्या घंटीवर आडनाव असतं, आणि अँब्युलन्सवाले तेच शोधतात. तुमच्या घंटीवर अजून आधीच्या भाडेकरूचं नाव आहे, तू सांगितलंस मला. ते बदलून घे. फोनवर आडनाव अक्षरं सुटी करून सांगायची सवय कर, आणि मजला सांगायला विसरू नकोस.

आणि हे वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेव, तुला आणि नवऱ्याला दोघांनाही पाठ हवं: "इश हाबे त्सिस्टननीरन. प्ल्योट्स्लिशर, राइसेंडर श्मेर्त्स इन ब्रुस्ट उंड र्‍युकन. बिटे डेंकन झी आन डी आओर्टा." म्हणजे, मला पॉलिसिस्टिक किडनी आहे, छातीत आणि पाठीत अचानक फाटल्यासारखं दुखतंय, महाधमनीचा विचार करा. आग्रहाने सांगायचं, संकोच नाही करायचा. जॉन रिटर नावाचा अमेरिकन नट २००३ मध्ये चित्रीकरणाच्या सेटवर कोसळला. आधी हार्ट अ‍ॅटॅक समजून उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात होतं ते महाधमनीचं डिसेक्शन, आणि त्यात तो गेला. मोठमोठ्या ठिकाणीही असं होतं, कारण दोन्हींचं दुखणं सारखंच भासतं. आणि हार्ट अ‍ॅटॅकसाठी दिली जाणारी रक्त पातळ करणारी औषधं इथे घात करू शकतात. त्यामुळे तुझ्या तोंडचं ते एक वाक्य डॉक्टरला योग्य दिशेला वळवू शकतं.

तू राहतेस ते गाव या बाबतीत बरं आहे. ब्रेम्झरश्ट्रासेवरचं क्लिनिकुम लुडविग्सहाफेन हे शहराचं मोठं रुग्णालय, ऱ्हाइनचा पूल ओलांडला की मानहाइमचं विद्यापीठ रुग्णालय, आणि थोडं पुढे हायडेलबर्ग. कुठे न्यायचं हे अँब्युलन्ससोबत येणारा डॉक्टर ठरवेल; तू फक्त आजार सांगायचास.

रुग्णालयात गेल्यावर काय होतं, तेही ऐकून ठेव. माहीत असलं की निम्मी भीती जाते. पहिलं सीटी स्कॅन, शिरेतून डाय सोडून. इथे तुला लगेच वाटेल, डायने किडनी बिघडते म्हणतात, नको म्हणू का? नाही गं. अशा वेळी डायला नाही म्हणायचं नाही. आधी जीव, मग किडनी. निदान झाल्याशिवाय पुढचं पाऊलच टाकता येत नाही, आणि डिसेक्शनने किडनीचं रक्त तोडलं असेल तर किडनीही त्याच स्कॅनमुळे वाचते.

स्कॅनमध्ये पाहतात चीर कुठे आहे. हृदयाजवळच्या, वर चढणाऱ्या भागात असेल तर तो ए प्रकार. तिथे छाती उघडून तातडीची शस्त्रक्रियाच करावी लागते. उशिराचा प्रत्येक तास जिवावरचा असतो. चीर कमानीच्या पलीकडे, खाली उतरणाऱ्या भागात असेल तर तो बी प्रकार. तिथे पहिला उपचार औषधांचा. अतिदक्षता विभागात शिरेतून औषधं देऊन वरचं बीपी १०० ते १२० च्या दरम्यान आणि नाडी साठच्या खाली आणतात, वेदना शमवतात. पण दुखणं थांबत नसेल, बीपी आटोक्यात येत नसेल, वाहिनी झपाट्याने फुगत असेल, फुटण्याच्या बेतात असेल, किंवा किडनी, आतडी, पाय यांचं रक्त तुटलं असेल, तर मग आतून जाऊन दुरुस्ती करतात.

हे आतून जाणं समजून घे. छाती उघडत नाहीत. जांघेतल्या धमनीतून एक बारीक तार वर नेतात, ती खऱ्याच वाटेत आहे ना याची खात्री करून घेतात, आणि तिच्यावरून मिटलेला स्टेंट-ग्राफ्ट चढवतात. धातूच्या जाळीवर कापड बसवलेली ही नळी चिरेसमोर नेऊन उघडली की चीर झाकली जाते. रक्त पुन्हा खऱ्या वाटेने वाहू लागतं, खोट्या वाटेतलं रक्त गोठतं आणि वाहिनीला भरून यायला अवधी मिळतो. १९९९ मध्ये एकाच आठवड्यात, एकाच वैद्यकीय नियतकालिकात दोन गटांनी डिसेक्शनवरच्या या उपचाराचे अनुभव छापले. एक अमेरिकेतल्या मायकेल डेकचा गट, दुसरा जर्मनीतल्या क्रिस्टोफ निनाबर यांचा. पुढे निनाबर यांनीच ज्यांची प्रकृती स्थिर आहे अशा बी प्रकारच्या रुग्णांवर तुलना केली. पाच वर्षांत महाधमनीमुळे झालेले मृत्यू नुसत्या औषधांच्या गटात १९.३ टक्के होते, स्टेंटच्या गटात ६.९ टक्के. म्हणून आता प्रकृती स्थिर असली तरी काही रुग्णांना, घाई न करता, काही आठवड्यांनी स्टेंट सुचवतात.

यात धोके नाहीत असं मी म्हणणार नाही. पक्षाघात होऊ शकतो. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचं रक्त कमी पडून पाय लुळे पडू शकतात. स्टेंटच्या टोकाशी नवी चीर पडू शकते, बाजूने रक्त झिरपत राहू शकतं. शिवाय पॉलिसिस्टिक किडनी आणि डिसेक्शन एकत्र असलेल्यांचे अनुभव मुख्यतः एकेका रुग्णाच्या नोंदींतून आलेले आहेत. मार्फानसारख्या आजारात वाहिनीची भिंतच नाजूक असल्यामुळे स्टेंट शक्यतो टाळतात. तुझा आजार त्या वर्गातला नाही, पण भिंतीचा विचार इथेही करावाच लागतो. म्हणून वेळ असेल तेव्हा निर्णय रक्तवाहिन्यांचा सर्जन आणि किडनीचा डॉक्टर, दोघांनी मिळून घ्यावा, असं ठामपणे सांगायचं.

किडनीवाल्यांनी विचारायचे प्रश्न वेगळे असतात. ते आपण आपणहून विचारले नाहीत तर घाईगर्दीत राहून जातात. पहिला, डाय कमीत कमी कशी वापरता येईल? वाहिनीच्या आतूनच सोनोग्राफी करता येते, त्याने डाय बरीच वाचते. आधी आणि नंतर सलाइनही देतात. दुसरा डाव्या हाताचा. चीर कमानीजवळ असेल तर कधी कधी डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीचं तोंड स्टेंटखाली झाकलं जातं. बाबांसारखं डायलिसिस चालू असेल आणि त्यासाठी केलेला फिस्टुला डाव्या हाताला असेल, तर तो बंद पडू शकतो. अशा वेळी मानेतल्या धमनीपासून त्या हाताला आधी बायपास करून घेता येतो. तिसरा प्रश्न किडनी बदललेल्यांचा. नवी किडनी ओटीपोटात, बहुधा जांघेकडे जाणाऱ्या धमनीला जोडलेली असते. म्हणून तार कुठल्या बाजूने घालणार हे विचारायचं. शक्यतो दुसऱ्या बाजूने. हे तीन प्रश्न तुझ्यापुरते नाहीत. माहेरी, मिरजेला बाबांच्या फाइलमध्येही एका कागदावर लिहून ठेवायला भावाला सांग.

स्टेंट बसला म्हणजे सुटलो, असंही नाही. आयुष्यभर ठरलेल्या वेळी स्कॅन करावे लागतात, बीपीच्या गोळ्या सुटत नाहीत. पण माणसं घरी येतात, कामावर जातात, मुलांच्या मुंजी-लग्नं करतात. हेही तितकंच खरं.

आता आजचं बोलू, कारण तुझ्या हातात आहे ते आजचं. पॉलिसिस्टिक किडनीत बीपी फार लवकर चढतं, किडनीचे रिपोर्ट चांगले असतानाच. महाधमनी फाडणारं सगळ्यात मोठं कारणही बीपीच. म्हणजे एकाच गोळीने दोघींना जपता येतं. किडनी अजून चांगली असलेल्या तरुण रुग्णांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत बीपी ११०/७५ च्या आत ठेवलेल्यांची किडनी कमी वेगाने वाढली. २०२५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही पन्नाशीच्या आतल्या अशा रुग्णांसाठी, झेपत असेल तर, हाच आकडा दिलाय. तेव्हा "१४० म्हणजे ठीकच की" असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. घरी मशीन घे. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बस, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेव, मग मोज. दोनदा मोज आणि दोन्ही आकडे लिही. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोज. आणि मीठ सांभाळ गं. आपलं पापड-लोणचं तर आहेच, पण इथला पाव, चीज, वुर्स्ट आणि वरून खडे मीठ लावलेलं ब्रेत्सेल यांतून नकळत किती मीठ पोटात जातं ते कळतही नाही.

औषधांबद्दल दोन गोष्टी गाठीला बांध. इथे अंग दुखलं की जो तो इबुप्रोफेन हातावर ठेवतो. ती किडनीला बरी नाही आणि बीपीही चढवते, घेऊ नकोस. दुसरी फार कमी जणांना ठाऊक असते. गाठीत जंतुसंसर्ग झाला की सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं औषध देण्याची रीत आहे, कारण ते गाठीत चांगलं पोचतं. पण त्याच गटातल्या औषधांनी महाधमनीचा फुगा आणि डिसेक्शनचा धोका वाढू शकतो, असा इशारा २०१८ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या औषध नियंत्रकांनी दिलाय. म्हणून ती गोळी लिहून दिली तर विचार: "माझ्यासाठी दुसरा पर्याय आहे का?" कधी नसेलही, आणि मग ती घ्यावीच लागेल. पण प्रश्न विचारूनच घे.

दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय ना तुमचा? मग आधी नेफ्रोलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरकडे जा. रामिप्रिल, कॅन्डेसार्टन या बीपीच्या गोळ्या बाळाला अपाय करतात; त्या वेळेवर, डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलून घ्याव्या लागतात. गर्भारपणात महाधमनीवर ताण वाढतो, बीपी डोकं वर काढतं. आई होऊ नकोस असं मुळीच नाही. तयारीनिशी हो, एवढंच.

या रविवारी मिरजेला फोन लाव आणि घराण्याची वंशावळ कागदावर मांड. लग्नाच्या वेळी गोत्र-कुळ विचारतात, तितक्याच बारकाईने विचार: कोण कशाने गेलं, किती वयात? आपल्याकडे "झोपेतच गेले", "हार्ट फेल झालं" म्हणून विषय संपतो. तुझ्या मोठ्या काका-आत्यांमध्ये कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल, कुणाला मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर ते नाव ठळक लिही. जॉन रिटरच्या मागे त्याच्या भावाची तपासणी झाली, त्याच्याही महाधमनीत फुगा सापडला, वेळेत शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. हा कागद घेऊन हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे जा, नेफ्रोलॉजिस्टसाठी उबरवाइजुंग, म्हणजे शिफारसचिठ्ठी माग, आणि तीन गोष्टी विचार: हृदयाची सोनोग्राफी करून महाधमनीचं माप घ्यायचं का, मेंदूचा एमआरआय करायचा का, आणि माझ्यासाठी बीपीचा नेमका आकडा किती. नोकरीवर कळेल म्हणून घाबरू नकोस. जनुकीय चाचणीचा निकाल मागायचा अधिकार इथल्या मालकाला नाही, २०१० पासून तसा कायदाच आहे.

शेवटचं, नवऱ्याशी बोल. तू बेशुद्ध असलीस तर तुझ्या उपचारांबद्दल ठरवायचा अधिकार त्याला १ जानेवारी २०२३ पासून कायद्याने आहे, पण जास्तीत जास्त सहा महिन्यांपुरता. त्यापुढच्यासाठी व्होर्झोर्गेफोलमाख्ट, म्हणजे तुझ्या वतीने ठरवायचं अधिकारपत्र, लिहून ठेवा. पाकिटात एक कार्ड ठेव: आजाराचं जर्मन नाव, गोळ्या आणि त्यांचे डोस, शेवटचं क्रिअ‍ॅटिनिन, अ‍ॅलर्जी, नवऱ्याचा नंबर.

हे सगळं एका दिवसात होणार नाही, मला ठाऊक आहे. घंटीवरचं नाव आणि बीपीचं मशीन या आठवड्यात, डॉक्टरची वेळ या महिन्यात, बाकीचं त्यामागून. आणि कधी तसं दुखलंच, तर वेळ-काळ बघू नकोस. आधी ११२, मग ताई.